भाऊ आर्व्हियाटला आहे, तिकडे ब्लिझर्ड वॉर्निंग आहे आणि फोन लागत नाहीये

हर्णैची_लेक

नमस्कार मंडळी, कॅनडाच्या अगदी वरच्या अंगाला राहिलेलं कोणी आहे का इथे? माझा धाकटा भाऊ सप्टेंबरपासून नुनावुतमधे आर्व्हियाट म्हणून गाव आहे तिथे आहे, हडसन बेच्या काठावर, एका दुकानात नोकरीला. गावाला रस्ताच नाहीये, ये-जा सगळी विमानाने. काल सकाळी त्याचा मेसेज आला, "ताई ब्लिझर्ड वॉर्निंग लागलीय, दुकान लवकर बंद करतोय, दोन दिवस घरातच, आईला सांगू नको." आता फोन होता आईच्याच हातात, त्यामुळे आईला माझ्याआधी कळलं. त्यानंतर मी टाकलेल्या सगळ्या मेसेजना एकच टिक. फोन लावला तर लागतच नाही. छत्तीस तास होत आले.

तिकडच्या सरकारी हवामान खात्याच्या साइटवर बघितलं तर वायव्येचा वारा ताशी 70 किमी, झोत 90 पर्यंत, तापमान उणे 30 आणि समोरचं दिसणं जवळजवळ शून्य असं लिहिलंय. आता आम्ही हर्णैची माणसं, बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की होड्या आत हे लहानपणापासून बघतोय, 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी तर 110-120 चा वारा अंगावर घेतलाय. मग 70 ला एवढं काय? की तिकडचं 70 वेगळं असतं?

आईचं एकच चाललंय, त्याला सांग शाळेत जा. निसर्गच्या आदल्या रात्री आम्हाला सगळ्यांना शाळेत नेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या पडवीचे पत्रे शेजारच्या वाडीत जाऊन पडले, त्यामुळे वादळ म्हंजे घर सोडायचं हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. तर तिकडे अशी काही सोय असते का, त्याने कुठे जायला हवं का, आणि (हे आईने विचारायला सांगितलंय) दुकान बंद असेल तर घरात तांदूळ पुरतो का.

हवामानवेडा

ताई, आधी 70 चं सांगतो कारण प्रश्न बरोबर आहे. ब्लिझर्ड म्हणजे खूप बर्फ पडणं नव्हे, हा आपल्याकडे सगळ्यांचा गैरसमज. कॅनडाच्या हवामान खात्याची व्याख्या अशी आहे की वारा ताशी 40 किमी किंवा जास्त, आणि उडणाऱ्या बर्फामुळे 400 मीटर किंवा कमी दिसतंय, आणि हे सलग किमान 4 तास. वृक्षरेषेच्या उत्तरेला, म्हंजे जिथे झाडं उगवायचीच बंद होतात तिथे, 4 ऐवजी 6 तास, कारण तिकडे असलं हवामान रोजचंच. अमेरिकेत हाच हिशोब वारा 56 आणि 3 तास असा आहे. व्याख्येत किती बर्फ पडला पाहिजे हे कुठेच नाही बघा. आभाळ वरून निरभ्र असतं आणि खाली ब्लिझर्ड चालू असतं असंही होतं, कारण उडतो तो आधीच जमिनीवर पडलेला बर्फ. तो कोरडा, सुटा असतो, वारा तीस-पस्तीसच्या वर गेला की जमिनीलगत सरकायला लागतो आणि 70 ला तर डोक्याच्या वर जाऊन भिंत उभी राहते.

खरं तर तो भाग एक प्रकारचा वाळवंटच आहे. आर्व्हियाटला वर्षभरात पाऊस-बर्फ मिळून जेवढं पाणी पडतं तेवढं दापोलीला जुलैच्या एका जोरदार आठवड्यात पडून जातं. पण पडलेलं वितळत नाही, महिनोन् महिने तिथेच असतं आणि वाऱ्याच्या हवाली.

वारा का तर हडसन बेच्या पश्चिमेचा तो सगळा पट्टा (किव्हालिक म्हणतात) सपाट, एक झाड नाही. पश्चिमेला जमिनीवर थंड हवेचा जास्त दाब बसतो, पूर्वेला खाडीवर किंवा बॅफिन बेटाकडे कमी दाब येतो, दोघांच्या मधे वायव्येचा वारा दाबून निघतो आणि त्याला अडवायला काही म्हणजे काही नाही. कॅनडात ब्लिझर्डसाठी सगळ्यात बदनाम पट्टा हाच.

आणि थंडी. उणे 30 ला 50 चा वारा धरला तरी विंड चिल (वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी) उणे 49 येतो (सूत्रात घालून बघितलं आत्ता), तुमच्या भावाकडे 70 आहे म्हंजे अजून खाली. त्यात उघडी कातडी 2 ते 5 मिनिटांत गोठते. निसर्गचा वारा जास्त होता पण त्यात तुम्ही भिजलात, कुडकुडलात, तरी दुसऱ्या दिवशी चहा प्यायलात. फरक तो आहे.

फक्त_विचारतो

आर्व्हियाट तर आर्क्टिक वृत्ताच्या बरंच खाली आहे, 61 अंशावर. उगाच आर्क्टिक आर्क्टिक करून घाबरवू नका त्यांना. आणि एक विचारतो, राग मानू नका, कोकणात काय कमी होतं म्हणून एवढ्या लांब दुकानात काम करायला जायचं?

हवामानवेडा

वृत्ताच्या खाली आहे हे बरोबर, म्हणूनच तिथे डिसेंबरातसुद्धा सूर्य उगवतो, अलास्कातल्या उत्कियाग्विकसारखा दोन महिने गायब होत नाही. पण वृक्षरेषेच्या वर आहे आणि वारा नकाशावरची रेघ बघून वाहत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कुठून टाइप करताय त्यावर आहे, मागच्या धाग्यात ठाणे म्हणाला होतात.

उत्तरेत_सात_वर्षं

ताई मी नुनावुतमधे सात वर्षं काढली, त्यातली चार बेकर लेकला (आर्व्हियाटहून वर, आत, खाडीपासून लांब), आता पुण्यात आहे. मोठं लिहितोय, आईंना वाचून दाखवा.

सगळ्यात आधी, आईंना सांगा की शाळेत जायचं नाही. कुठेच जायचं नाही. आपल्या वादळात घर हा धोका असतो, पत्रा, कौलं, माड अंगावर येणं, म्हणून घर सोडायचं. तिकडे घर हीच वाचायची जागा आणि धोका असतो तो दारापासून शेजाऱ्याच्या दारापर्यंतच्या वीस पावलांत. जी माणसं जातात ती घर पडून नाही जात. कोणी गाडीत अडकतं, कोणाची स्नोमोबिल (बर्फावर चालणारी गाडी) गावाबाहेर बंद पडते, कोणी "हा काय इथेच जाऊन येतो" म्हणून निघतं आणि वाट चुकतं. मला स्वतःला एकदा कामावरून घरी येताना, अंतर किती तर आपली एसटी स्टँडवर उभी असते तिच्या दोन लांब्या, मधे खांब दिसेना, हात लांब केला तर हातमोजा दिसेना. वर-खाली कळत नाही, सगळं एकच पांढरं, सावली नाही. मी तसाच उभा राहिलो, मग झोत जरा कमी झाला तेव्हा खांबावरचा दिवा दिसला. त्यानंतर वॉर्निंग लागली की मी कचरा टाकायलासुद्धा बाहेर गेलो नाही. तुमच्या भावाने दुकान लवकर बंद केलं म्हणतोय म्हंजे तो शिकलाय.

घराचं. तिकडची घरं खांबांवर असतात, जमिनीपासून वर, कारण खालची जमीन कायमची गोठलेली आणि घराची ऊब लागून ती वितळली तर घर खचेल. वाऱ्यात घर थरथरतं, कपाटातली भांडी वाजतात, पहिल्या वेळी झोप येत नाही. पण ती त्याच वाऱ्यासाठी बांधलेली असतात. बर्फ मात्र कुठून आत येईल सांगता येत नाही, माझ्या बाहेरच्या दाराच्या कुलपाच्या भोकातून सकाळी आत एक छोटा ढीग झालेला असायचा, हाताला अगदी तांदळाची पिठी, तशीच बारीक.

दोन गोष्टींवर मात्र लक्ष ठेवावं लागतं. एक म्हंजे हीटरच्या भट्टीचा धुराचा पाइप बाहेर भिंतीतून निघतो तो बर्फाने बुजतो. बुजला की भट्टी बंद पडते, किंवा त्याहून वाईट म्हंजे धूर आत साठतो, कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नसतो. म्हणून घरात त्याचा अलार्म असतो, तो वाजला की दुर्लक्ष करायचं नाही. दुसरं पाणी. आर्व्हियाटला नळ आहे पण पाइपलाइन नाही, पाणी टँकरने येतं आणि घरातल्या टाकीत भरतात, आणि सांडपाण्याचीही घराला वेगळी टाकी असते, ती दुसरा टँकर उपसून नेतो. ब्लिझर्डमधे दोन्ही बंद. गंमत अशी की पाणी संपायच्या आधी बऱ्याचदा सांडपाण्याची टाकी भरते, लाल दिवा लागतो आणि पंप आपोआप बंद होतो, म्हंजे घरात पाणी आहे पण नळाला नाही. म्हणून वॉर्निंग आली की आम्ही पहिलं काम काय करायचो तर मिळतील ती पातेली, बादल्या भरून ठेवायचो आणि आंघोळीला सुट्टी.

आता फोन. नुनावुतच्या 25 गावांपैकी एकालाही केबलने इंटरनेट नाही, सगळं उपग्रहावरून. डिशवर बर्फ बसला, किंवा लाइट गेली, की खलास. लाइटही प्रत्येक गावाची आपली वेगळी, डिझेलच्या जनरेटरवर, एका गावाला दुसऱ्या गावाची तार जोडलेलीच नाही. तार तुटली तर माणूस वर चढून जोडणार कधी, वारा थांबल्यावर. तेव्हा एक टिक म्हंजे फक्त एक टिक, त्यात अजून काही वाचू नका.

तांदूळ पुरेल. दुकानात काम करणाऱ्या माणसाच्या घरी खायला नसेल असं मी तरी बघितलं नाही. आणि तिकडे सगळ्यांनाच साठवायची सवय असते, वर्षाचा जड माल उन्हाळ्यात खाडी मोकळी असते तेव्हा बोटीने येतो, नंतर विमानाने आणायचा तर भाव ऐकून घेरी येते. आपल्याकडे आगोटीला बेगमी करतात ना, तसंच, फक्त आपलं चार महिन्यांचं, त्यांचं आठ-नऊ.

दर्यावर्दी_मालवण

गो बाय, घाबरा नको. घरात असा मा तो, मग झाला.

मी बोटीवर होतो तेव्हा एकदा चर्चिल बंदरात गहू भरायला गेलो होतो, ते तुझ्या भावाच्या गावाच्या खाली, त्याच खाडीवर. सप्टेंबर होता, बर्फ नव्हता, तरी वारा असा की रेलिंगला धरलेला हात सुटेना. तिथे गाड्यांना कुलूप लावत नाहीत, म्हटलं एवढी इमानदारी, तर म्हणे पांढरं अस्वल आलं तर कोणालाही पटकन गाडीत शिरता यावं म्हणून. आर्व्हियाटलाही खाडी गोठायच्या सुमारास, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, अस्वलं गावात येतात. आता फेब्रुवारीत ती बर्फावर सील धरायला लांब गेलेली असतात, तेवढी तरी काळजी नको. (हे आईला सांगू नको, उगाच.)

त्या चर्चिलला निदान रेल्वे आहे, पण 2017 ला हिवाळ्यात एवढा बर्फ साठला की उन्हाळ्याच्या तोंडावर पुराने रूळच वाहून गेले, दीड वर्ष गाडी नव्हती. तुझ्या भावाच्या गावाला तुटायला रेल्वेच नाही. असं बघ.

एक सांगतो. आमच्याकडे जुने तांडेल वाऱ्याच्या नुसत्या वासावरून सांगायचे मतलई आहे की खारा. तिकडच्या इनुइट लोकांचंही (तिथले मूळ रहिवासी) तसंच आहे, वायव्येच्या वाऱ्याने बर्फावर जिभेसारखे कडक उंचवटे तयार होतात, त्यांची टोकं सगळी एका दिशेला, धुक्यात काही दिसत नसलं तरी ते पायाला लागतात त्यावरून दिशा धरतात. पण ब्लिझर्ड आलं की तेही चालत नाहीत. थांबतात. पूर्वी बर्फाच्या विटा कापून इग्लू बांधायचे आणि बसायचे वारा पडेपर्यंत, दोन दिवस का पाच दिवस. वादळात घाई करतो तो दर्यात जातो, हे दोन्हीकडे सारखंच.

वास्कोवाला

थोडं अवांतर, पण आपल्या गोव्यात वास्कोला जी ध्रुवीय संशोधन संस्था आहे ती 2008 पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर हिमाद्री नावाचं केंद्र चालवते, 79 अंशाच्या जवळ, म्हंजे आर्व्हियाट त्यामानाने दक्षिणच. आधी माणसं फक्त उन्हाळ्यात असायची, डिसेंबर 2023 पासून हिवाळ्यातही राहायला लागली. आणि अंटार्क्टिकावरच्या तळांवर एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जायला दोर बांधलेले असतात, ब्लिझर्डमधे तो धरूनच चालायचं, सोडायचा नाही. वर ते वीस पावलांचं लिहिलंय त्यावरून आठवलं.

ताई, एक कामाची गोष्ट. आर्व्हियाटच्या विमानतळाचा हवामान रिपोर्ट ऑनलाइन मिळतो, कोड सीवायईके. त्यात बीएलएसएन असं दिसलं तर उडता बर्फ चालू आहे. वारा नॉटमधे असतो, 38 नॉट म्हंजे तुमचे ते 70 किमी. तो आकडा उतरायला लागला की समजायचं. आणि फेसबुकवर हॅम्लेटचं पान असेल तर बघा (हॅम्लेट म्हंजे आपली ग्रामपंचायतच), शाळा बंद, टँकर बंद, लाइट कुठे गेली सगळं तिथे टाकतात.

दिवेआगरकर_काका

मला बर्फातलं काही कळत नाही. पण निसर्गचं सांगतो. 3 जूनला दुपारी वादळ आमच्या डोक्यावरून गेलं, त्यानंतर सहा दिवस आमचा फोन नाही. मुलगा पुण्यात, सून, नातवंडं, सगळे टीव्हीवर पडलेल्या सुपाऱ्या-माड बघतायत आणि आम्ही गेलो असं धरूनच चाललेत. मुलगा लॉकडाऊनमधे पास काढून, वाटेत चार ठिकाणी झाडं तोडत तोडत सातव्या दिवशी खळ्यात येऊन उभा राहिला, दाढी वाढलेली, डोळे लाल. तेव्हा मी आणि ही काय करत होतो माहितीय? पडलेल्या फणसांचे गरे काढत बसलो होतो. एकदम एकवीस फणस खाली आलेले, त्यांचं करायचं काय या विवंचनेत. मी त्याला म्हटलं बरा आलास, ते कोयतं घे. तो जो चिडला माझ्यावर! अजून तो विषय निघाला की बोलत नाही नीट.

वाडी गेली ती गेलीच, त्याचं दुःख वेगळं. पण सांगायचं हे की ज्याच्यावर वादळ असतं त्याला करायला काम असतं. लांब बसलेल्याला नुसता फोन असतो.

हर्णैची_लेक

काका 🙏 तुमचं आईला वाचून दाखवलं, पहिल्यांदा हसली कालपासून. लगेच म्हणाली एकवीस फणस खोटं असेल.

सीवायईके बघतेय दर तासाला, आत्ता 41 नॉट दाखवतंय आणि दिसतंय एक अष्टमांश मैल, म्हंजे 200 मीटर ना? हॅम्लेटचं पान सापडलं, त्यात सगळ्या सेवा बंद, घराबाहेर पडू नका एवढं कळलं, बाकी त्यांच्या लिपीत आहे. तिकडे आत्ता सकाळचे सात वाजले असतील, आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे. आई त्याच्या वेळेचं घड्याळ लावून बसलीय भिंतीवर, जुनं होतं त्याचा सेल बदलून.

दिवेआगरकर_काका

एकवीस. मोजलेले आहेत.

उत्तरेत_सात_वर्षं

41 म्हंजे अजून चढलंय, पण काळजी नको, बहुतेक वेळा शेवटी एकदम पडतो वारा, हळूहळू नाही. कधीकधी इतकी शांतता होते की त्यानेच जाग येते. हो, एक अष्टमांश मैल म्हणजे 200 मीटर, आणि तो नुसता ठोकळ आकडा, दोन घरांच्या मधे त्याहून खूप कमी दिसतं.

हर्णैची_लेक

अपडेट!! आज पहाटे साडेतीनला फोन आला त्याचा. मी उचलायच्या आधी आईने उचलला. धड आहे, काहीही झालेलं नाही, उलट आम्हालाच म्हणतो एवढे मेसेज कशाला केलेत, फोन चालू केला तर पाच मिनिटं नुसता वाजत होता.

लाइट पहिल्याच रात्री गेली होती, वीस-बावीस तास नव्हती. खोलीत तो आणि फिलिपिन्सचा एक मुलगा, दोघं स्लीपिंग बॅगमधे जॅकेट घालून बसले, गॅसच्या छोट्या शेगडीवर मॅगी केली, खिडकी जराशी उघडी ठेवून (त्या दुसऱ्याने शिकवलं म्हणे, इकडे वरती कार्बन मोनॉक्साइडचं वाचलं होतं म्हणून मी मुद्दाम विचारलं). भट्टीचा पाइप बुजला होता, तो शेजारच्या म्हाताऱ्या इनुइट काकांनी येऊन मोकळा करून दिला वारा पडल्या पडल्या, पैसे विचारले तर हसले फक्त. दार बाहेरून छातीपर्यंत बुजलेलं, आतून उघडेना, मग तेच काका फावड्याने. बर्फ भुसभुशीत नसतो म्हणतो, वाऱ्याने ठोकून ठोकून जांभ्या दगडासारखा झालेला, करवतीने कापावा लागतो.

आणि उत्तरेतवाले दादा, तुमचा तो लाल दिवा लागला होता खरंच. दुसऱ्याच दिवशी. टाकीत पाणी आणि नळ कोरडा. मी विचारलं की टँकर आल्यावर पहिलं काय केलंस, आंघोळ? तर म्हणे नाही, तीन दिवसांची भांडी घासली, मॅगी गोठून पातेल्याला चिकटली होती.

तांदूळ होता. आईने दोनदा विचारून घेतलं.